विखुरलेल्या रुग्णांची बेरीज

‘साथ’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनासमोर काही ठरावीक चित्रे उभी राहतात. १८९६ साली मुंबईत व त्यानंतर लवकरच पुण्यात शिरलेला प्लेग, घराघरांतून मरून पडणारे उंदीर, गाव सोडून माळावर उभारलेल्या झोपड्या. किंवा यात्रेहून परतणाऱ्या माणसांबरोबर गावोगाव पोहोचणारी पटकी. असे रोग एका ठिकाणी, एकाच काळी, अनेकांना गाठीत. त्यांची चाहूल लागण्यास शास्त्रज्ञाची आवश्यकता नसे. गल्लीतील प्रत्येकास ते दिसत.

सर्वच रोग मात्र अशी दवंडी पिटून येत नाहीत. काही रोगांचे रुग्ण देशभर विखुरलेले असतात. आज या शहरात एक, दोन महिन्यांनी दूरच्या जिल्ह्यात दुसरा, वर्षअखेरीस तिसरीकडे आणखी एक. या सर्वांच्या मुळाशी एकच कारण असले, तरी कोणाही एका डॉक्टरच्या दृष्टीस ते पडत नाही. कारण त्याच्यासमोर एकच रुग्ण असतो. लिस्टेरिया नावाच्या जंतूमुळे प्रौढ माणसांना होणारा संसर्ग हा अशा रोगांचा ठळक नमुना होय. भारतात हा रोग दुर्मीळ आहे, असे सामान्यतः समजले जाते. परंतु एखादा रोग दुर्मीळ असणे आणि तो मोजलेला नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा भेद ध्यानात घेऊन भारतानेही या रोगाची पद्धतशीर मोजणी सुरू करावी, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

मयूर विहारचे गणित

दिल्लीच्या पूर्व भागात, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर मयूर विहार ही मोठी निवासी वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत ती वाढत गेली. तेथील गृहनिर्माण संस्थांत ऐन तारुण्यात राहावयास आलेल्या अनेकांनी आता सत्तरी ओलांडली आहे. वस्तीच्या एका बाजूस यमुनेची मळई आहे. चिल्ला खादर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जमिनीत पालेभाज्या व फळभाज्या पिकविल्या जातात. जवळच पटपडगंज येथे मदर डेअरीचा दूधप्रकल्प आहे; ‘दुग्धमहापूर’ योजनेच्या काळात, १९७४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचे दूध दिल्लीकर दोन पिढ्या पीत आले आहेत. दुसऱ्या बाजूस गाझीपूरचा कोंबड्यांचा व मासळीचा घाऊक बाजार आहे. शेत, डेअरी, बाजार आणि घराघरांतील फ्रीज असा अन्नाचा सारा प्रवास या वस्तीच्या परिसरात नजरेच्या टप्प्यात येतो.

येथे या रोगाचा प्रादुर्भाव झाला आहे, असा या वर्णनाचा अर्थ नव्हे. एक साधे गणित मांडण्यासाठी ही वस्ती उदाहरणादाखल घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते निरनिराळ्या देशांत दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक दशांश ते दहा माणसांना हा रोग होतो. या दोन टोकांच्या मधला, दहा लाखांमागे एक, हा दर धरू. मग एक लाख लोकवस्तीच्या भागात दहा वर्षांतून एक रुग्ण निघेल. तेथे तीस वर्षे व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरने त्या भागातील प्रत्येक रुग्ण स्वतः तपासला, तरी सबंध आयुष्यात त्यास या रोगाचे तीनच रुग्ण भेटतील. आणि प्रत्यक्षात रुग्ण अनेक रुग्णालयांत विभागले जात असल्याने बहुधा एकही भेटणार नाही. ‘आमच्याकडे हा रोग नाही’ असे तो प्रामाणिकपणे सांगेल.

आता हेच गणित देशाला लावून पाहावे. भारताची लोकसंख्या एकशे चाळीस कोटींच्या पुढे आहे. त्याच दराने वर्षाला चौदाशे रुग्ण होतात. या रोगात शंभरांपैकी वीस ते तीस रुग्ण दगावतात, असा अन्य देशांतील अनुभव आहे. त्या हिशेबाने मृत्यूंची संख्या २८० ते ४२० भरते. हे भारतातील प्रत्यक्ष आकडे नव्हेत. गृहीत धरलेल्या दरातून निघालेले ते उत्तर आहे, आणि दर बदलला की उत्तरही बदलेल. परंतु वस्तीच्या पातळीवर जवळजवळ शून्य वाटणारी गोष्ट देशाच्या पातळीवर शेकडो मृत्यूंएवढी असू शकते, एवढे त्यावरून निश्चित समजते. साथरोगशास्त्राचे कार्य येथेच सुरू होते. नावात ‘साथ’ असली तरी हे शास्त्र केवळ साथींचा अभ्यास करीत नाही. रोग कोणाला, कोठे, केव्हा व किती प्रमाणात होतो याची मोजदाद ठेवणे आणि त्या मोजदादीतून कारणाचा माग काढणे, हे त्याचे खरे काम होय.

थंडीत वाढणारा जंतू

या जंतूची ओळख शास्त्राला झाली ती प्राण्यांमुळे. १९२६ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथील मरे, वेब व स्वान या तिघा संशोधकांनी प्रयोगशाळेतील ससे व गिनिपिग यांच्या मृत्यूस कारण झालेल्या एका जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. मेलेल्या प्राण्यांच्या रक्तात मोनोसाइट या जातीच्या श्वेत पेशी फार वाढलेल्या होत्या. त्यावरून जंतूच्या नावात ‘मोनोसायटोजेनीस’ हे पद आले. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत पिरी यांस तेथील रानउंदरांत हाच जंतू आढळला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा वापर रूढ करणारे जोसेफ लिस्टर यांच्या सन्मानार्थ त्यांनी त्यास नाव दिले, आणि १९४० मध्ये ‘लिस्टेरिया’ हे त्या नावाचे रूप कायम झाले. मानवातील पहिल्या रुग्णाची नोंद १९२९ सालची, डेन्मार्कमधील आहे.

हा जंतू माती, पाणी, कुजका पालापाचोळा आणि जनावरांचे शेण यांत आढळतो. त्याचा एक गुण विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. फ्रीजमधील थंडीने बहुतेक रोगजंतूंची वाढ थोपते. लिस्टेरियाची वाढ मंदावते, पण थांबत नाही. चार अंश सेल्सिअस तापमानातही तो सावकाश संख्येने वाढत राहतो. १९४८ साली अमेरिकेत ग्रे व त्यांचे सहकारी यांना आढळून आले की, रोगी गुरांच्या मेंदूच्या ज्या तुकड्यांत प्रथम हा जंतू सापडत नाही, तेच तुकडे काही आठवडे थंडीत ठेवून पुन्हा तपासल्यास तो सापडू लागतो. त्यांनी या गुणाचा उपयोग जंतू शोधण्याची युक्ती म्हणून केला. अन्नाच्या बाबतीत मात्र तोच गुण संकट ठरतो. अन्न सुरक्षित राहावे म्हणून ज्या कपाटात ते ठेवावयाचे, तेथेच या जंतूला निवांतपणा मिळतो.

या जंतूस उष्णता सोसत नाही. पाश्चरीकरणाने, म्हणजे दूध सुमारे ७२ अंशांपर्यंत १५ सेकंद तापविल्याने, तो मरतो. उकळत्या आमटीत किंवा वाफाळत्या भाजीत तो टिकत नाही. म्हणून तो माणसापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः दोन वाटांनी. कच्चे दूध, कच्च्या भाज्या, कापलेली फळे असे मुळात न शिजवता खाल्लेले पदार्थ ही एक वाट. शिजविल्यानंतर यंत्रांच्या फटींतून, कापण्याच्या पाट्यांवरून किंवा ओल्या मोऱ्यांतून पुन्हा दूषित झालेले व मग पुष्कळ दिवस थंडीत ठेवून तसेच खाल्लेले पदार्थ ही दुसरी.

रोग कोणाला होतो

निरोगी माणसाच्या पोटात हा जंतू गेला, तर बहुधा काहीच होत नाही. फार तर दोन दिवस ताप व जुलाब होतात. परंतु हा जंतू आतड्याच्या पेशींत शिरू शकतो आणि रक्तात न उतरता एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत जाऊ शकतो. त्यामुळे रक्तात तरंगणारी प्रतिद्रव्ये त्यास अडवू शकत नाहीत. त्याचा नाश करण्याचे काम विशिष्ट श्वेत पेशींनाच करावे लागते. या पेशींचे बळ ज्यांच्या शरीरात कमी झालेले असते, त्यांच्या रक्तात जंतू पसरतो व तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतो. तीव्र ताप, मान आखडणे, बोलण्यात भ्रम, अखेर बेशुद्धी असे त्याचे रूप होते.

गर्भवती स्त्रियांना या रोगाचा धोका इतरांहून कित्येक पटींनी अधिक असतो. स्त्रीला स्वतःला थोडा ताप व अंगदुखी एवढेच जाणवते. पण जंतू वारेतून गर्भापर्यंत जातो आणि गर्भपात, मृत अपत्याचा जन्म किंवा नवजाताचा गंभीर आजार ओढवतो. गर्भवतींखेरीज इतर प्रौढांत धोका असतो तो वृद्ध, कर्करोगावर औषधोपचार घेणारे, मूत्रपिंड वा यकृत बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, तसेच मधुमेह, यकृताचे जीर्ण विकार किंवा एचआयव्हीचा संसर्ग असलेले यांना. युरोपीय संघातील देशांत २०२३ साली २,९५२ रुग्णांची नोंद झाली. तेथील रुग्णांत वृद्धांचाच भरणा अधिक असतो.

या यादीचा थोडा विचार केला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वैद्यक जसजसे यशस्वी होते, तसतशी या जंतूला बळी पडू शकणाऱ्या माणसांची संख्या वाढते. पन्नास वर्षांपूर्वी मूत्रपिंड निकामी झालेला रुग्ण फार दिवस जगत नसे. आज दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवून तो वर्षानुवर्षे जगतो, पण त्यासाठी त्यास प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. भारतात आयुर्मान वाढत आहे, मधुमेह पसरला आहे, कर्करोगाचे उपचार अधिक लोकांपर्यंत जात आहेत. त्याच वेळी तयार अन्न, पाकीटबंद पदार्थ आणि फ्रीज हे मध्यम स्थितीतील घरांतही रुळले आहेत. संवेदनक्षम माणूस व थंडीत ठेवलेले अन्न यांची गाठ पूर्वीपेक्षा आता अधिक वेळा पडते.

मोजणीने काय साधते

हा रोग अन्नातून होतो ही गोष्टदेखील मोजणीशिवाय उमगली नाही. जंतूच्या पहिल्या वर्णनानंतर तब्बल पंचावन्न वर्षे तो मार्ग पक्का ठरला नव्हता. १९८१ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील नोव्हा स्कोशिया व शेजारच्या प्रांतांत ४१ रुग्ण आढळले. त्यांपैकी ३४ गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांच्या गटातील होते, तर ७ इतर प्रौढ होते. रुग्णांनी काय खाल्ले आणि त्याच भागातील निरोगी माणसांनी काय खाल्ले, याची संशोधकांनी तुलना केली. कोबीच्या कच्च्या कोशिंबिरीकडे बोट दाखविले गेले. पुढे माग लागला तो असा की, कोबी पिकविणाऱ्या शेतकऱ्याकडील मेंढ्या याच रोगाने मेल्या होत्या; त्यांचे खत कोबीला घातले होते; आणि तो कोबी हिवाळाभर शीतगृहात ठेवला होता. मेंढी, खत, कोबी, थंडी व माणूस अशी साखळी प्रथमच पूर्ण झाली.

१९८५ साली लॉस एंजेलिस परिसरात ताज्या, मऊ चीजमुळे १४२ माणसांना हा रोग झाला व गर्भ आणि नवजात धरून ४८ मृत्यू झाले. पाश्चरीकरण न झालेले दूध त्यात मिसळले गेले असावे, असा निष्कर्ष निघाला. ज्या देशात पनीर हा रोजच्या खाण्यातील पदार्थ आहे, त्या देशाने या उदाहरणाकडे दुर्लक्ष करू नये.

अलीकडच्या काळात मोजणीला एका नव्या साधनाची जोड मिळाली आहे. रुग्णाच्या रक्तातून वाढविलेल्या जंतूचा जनुकसंच आता पूर्णपणे वाचता येतो, आणि दोन रुग्णांतील जंतू एकाच कुळातले आहेत की नाहीत, हे बोटांच्या ठशांप्रमाणे ताडून पाहता येते. २०१५ साली अमेरिकेत आइस्क्रीमच्या एका उत्पादकाच्या मालाशी दहा रुग्णांचा संबंध जोडला गेला. त्यांपैकी तिघे मरण पावले. यांतील काही जण अन्य आजारासाठी आधीच रुग्णालयात दाखल झालेले होते व तेथेच त्यांनी ते आइस्क्रीम घातलेले पेय घेतले होते. विशेष हे की, या दहांतील पहिला रुग्ण २०१० साली आजारी पडला होता. पाच वर्षांत, चार राज्यांत, एकेकटे आजारी पडलेले हे लोक एकाच साखळीतील आहेत हे समजले, कारण त्यांच्या जंतूंची माहिती जपून ठेवली होती आणि ती एकत्र पाहण्याची व्यवस्था होती.

व्यवस्था उशिरा उभी राहिली म्हणजे काय होते, हे दक्षिण आफ्रिकेने अनुभवले. तेथे वर्षाला साठ ते ऐंशी रुग्ण आढळत. २०१७ च्या मध्यास जोहान्सबर्ग भागातील रुग्णालयांत हा रोग झालेली नवजात बालके नेहमीपेक्षा अधिक येऊ लागली, आणि तेथील डॉक्टरांनी ही गोष्ट राष्ट्रीय संस्थेस कळविली. डिसेंबरात साथ जाहीर झाली, आणि हा रोग नोंदविणे त्याच महिन्यात सक्तीचे झाले. म्हणजे साथ ऐन भरात आल्यावर. मग जानेवारी २०१८ मध्ये सोवेटो येथील एका पाळणाघरातील दहा मुले जुलाबांनी आजारी झाली. पाळणाघराच्या फ्रीजमध्ये ‘पोलोनी’ नावाचे, कापून तसेच खाण्याचे तयार मांस होते. एका मुलाच्या शौचात सापडलेला जंतू व त्या मांसातील जंतू जुळले, आणि तेथून पोलोक्वाने गावातील कारखान्यापर्यंत माग लागला. मार्चमध्ये तो माल बाजारातून काढून घेण्याचा हुकूम निघाला; रुग्णांची संख्या झपाट्याने उतरली. जुलै २०१८ पर्यंत १,०६० रुग्ण व २१६ मृत्यू नोंदले गेले होते. नोंद झालेली ही या रोगाची जगातील सर्वांत मोठी साथ होय. मोजणी आधीपासून सक्तीची असती तर कारखान्याचे दार किती महिने आधी ठोठावता आले असते, हा प्रश्न तिने मागे ठेवला.

भारतातील स्थिती

हा जंतू भारतात नाही असे कोणीही म्हणणार नाही. पशुवैद्यांना तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मेंदूस सूज आलेली मेंढी एकाच बाजूस गोल गोल फिरत राहते व अखेर पडते. या रोगाची भारतातील नोंद १९५० सालापासून आहे. नीट न मुरलेल्या, पुरेसा आंबटपणा न आलेल्या मुरघासात हा जंतू वाढतो, हेही पशुपालनाच्या शास्त्रात सर्वमान्य आहे. महाराष्ट्रातील दुग्धव्यवसायात मुरघासाचा वापर वाढत असताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. १९७३ साली दिल्लीतील स्त्रियांच्या जननमार्गातील लिस्टेरिया-संसर्गाची एक प्राथमिक पाहणी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. म्हणजे राजधानीत हा प्रश्न अर्ध्या शतकापूर्वीच उपस्थित झाला होता.

गोव्यात तर या जंतूच्या अभ्यासाची परंपराच निर्माण झाली. जुने गोवे येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संशोधन संकुलात भारतातील लिस्टेरिया जंतूंचा संग्रह उभारला गेला. गोव्याच्या खारफुटीच्या दलदलीतून मिळालेल्या एका नव्या जातीस २०१८ साली ‘लिस्टेरिया गोआएन्सिस’ असे नाव देण्यात आले. या जंतुकुळातील एका जातीच्या नावात गोवा कायमचा कोरला गेला आहे.

अन्नकायद्यासही हा जंतू परिचित आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखाली केलेल्या नियमांत, दुग्धजन्य पदार्थांत लिस्टेरिया मोनोसायटोजेनीस आढळता कामा नये, असे बंधन आहे. विसंगती दिसते ती येथे. पशुवैद्य या जंतूस ओळखतो, अन्ननिरीक्षकाच्या नियमावलीत त्याचे नाव आहे. पण आजारी माणसाच्या नोंदवहीत त्यास क्वचितच स्थान मिळते. २००४ पासून चालू झालेल्या एकात्मिक रोगसर्वेक्षण कार्यक्रमाचा भर पटकी, विषमज्वर, हिवताप, डेंगी यांसारख्या मोठ्या रोगांवर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु दाराशी पहारेकरी बसवावयाचा आणि आत कोण शिरले याची मोजदाद ठेवावयाची नाही, असा हा प्रकार होतो.

रुग्णालयात हा जंतू हातून निसटण्याची कारणेही साधी आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली तो आखूड काडीसारखा दिसतो. त्वचेवर नेहमी राहणारे काही निरुपद्रवी जंतूही तसेच दिसतात. त्यामुळे रक्ताच्या कल्चरमध्ये तो वाढला, तरी ‘सुईबरोबर त्वचेवरचा जंतू आला असावा’ असे समजून तो टाकून दिला जाण्याचा संभव असतो. अनेकदा नमुना घेण्यापूर्वीच रुग्णास प्रतिजैविके दिलेली असतात व मग काहीच वाढत नाही. शिवाय जंतू पोटात गेल्यापासून रोग दिसेपर्यंत काही दिवसांपासून दोन महिन्यांहून अधिक काळ जाऊ शकतो. दोन महिन्यांपूर्वी काय खाल्ले, हे कोणास आठवणार?

या अनास्थेचा परिणाम केवळ कागदावरच्या आकड्यांपुरता असता, तर त्याविषयी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या प्रौढास रुग्णालयात प्रथम जे प्रतिजैविक दिले जाते, ते बहुधा सेफॅलोस्पोरिन या वर्गातील असते. इतर अनेक जंतूंवर गुणकारी असणारा हा वर्ग लिस्टेरियावर मात्र निरुपयोगी आहे. त्यावर चालते ते अँपिसिलिन. हे जुने, सर्वपरिचित व फारसे महाग नसलेले औषध आहे. म्हणून पन्नाशीच्या पुढील किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णास अशा वेळी अँपिसिलिनही जोडून द्यावे, असा नियम पुष्कळ देशांनी केला आहे. ‘हा रोग आपल्याकडे नसतो’ ही समजूत ज्या डॉक्टरच्या मनात पक्की बसली आहे, त्यास ती जोड देण्याचे सुचणार नाही. अशा वेळी योग्य औषध कपाटात असूनही रुग्ण दगावू शकतो. न मोजलेल्या रोगाची किंमत ती ही.

काही आक्षेप

क्षयाने दर वर्षी लक्षावधी माणसे पीडित होणाऱ्या देशाने अशा विरळ रोगाच्या मागे का लागावे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण येथे नवी रुग्णालये उभारावयाची नाहीत. रक्ताचे व पाठीच्या कण्यातील द्रवाचे कल्चर मोठ्या रुग्णालयांत आजही होते. त्यात वाढलेला जंतू टाकून न देता ओळखणे, कळविणे आणि जपून ठेवणे एवढेच अधिक करावयाचे आहे. शिवाय कारखान्यातील अस्वच्छता, शीतसाखळीतील खंड, पाश्चरीकरणातील त्रुटी यांकडे हा जंतू बोट दाखवितो. त्याच्यासाठी ठेवलेली नजर अन्नातून येणाऱ्या इतर रोगांच्याही कामी येते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भारतीय माणूस दूध तापवून पितो, अन्न शिजवून व गरम खातो. मग त्यास हा रोग कसा व्हावा? या सवयींनी संरक्षण मिळते यात संशय नाही, आणि भारतात हा रोग खरोखरच कमी असेल तर त्याचे श्रेय कदाचित स्वयंपाकघरातील दुधाच्या पातेल्याला द्यावे लागेल. परंतु तेदेखील मोजूनच सिद्ध होईल. सवयी बदलतात. पिशवीतील दूध न तापविताच प्यावे असे आज अनेकांस वाटते. सकाळची भाजी रात्री व उरलेली दुसऱ्या दिवशी फ्रीजमधून काढून तशीच खाल्ली जाते. एकट्या राहणाऱ्या वृद्ध दांपत्याच्या घरी तर एकदा केलेला स्वयंपाक दोन-तीन दिवस पुरविला जातो. बदलाचा परिणाम जाणावयाचा, तर बदलापूर्वीचा आकडा हाती हवा. तो आज मोजला नाही, तर पुढे तुलना कशाशी करणार?

तिसरा आक्षेप भीतीचा. अशा लेखनाने लोक भाजीपाल्यास व दुधास घाबरू लागतील, असे कोणी म्हणेल. परंतु निरोगी माणसाने या जंतूचे भय बाळगण्याचे कारण नाही. ज्यांना धोका आहे त्यांनी पाळावयाचे नियमही सोपे आहेत. दूध तापवून घ्यावे. कच्च्या भाज्या व फळे वाहत्या पाण्यात नीट धुवावी. फ्रीजमधील शिळे अन्न वाफा येईपर्यंत पुन्हा तापवावे. कच्चे मांस व मासळी तयार अन्नापासून वेगळी ठेवावी. फ्रीज वेळोवेळी पुसून स्वच्छ करावा व त्याचे तापमान चार-पाच अंशांच्या वर जाऊ देऊ नये. दिल्लीच्या उन्हाळ्यात, वीज जाऊन फ्रीज तासन्‌तास बंद राहतो तेव्हा, हा शेवटचा नियम विशेष ध्यानात ठेवावा.

काय करावे

करावयाच्या गोष्टी चार आहेत. रक्तात किंवा मेरुद्रवात वाढलेला काडीसारखा जंतू ओळख पटविल्यावाचून कोणत्याही प्रयोगशाळेने टाकू नये. लिस्टेरिया निश्चित झाल्यास त्याची सूचना रोगसर्वेक्षण यंत्रणेस द्यावी. जंतूचा नमुना मध्यवर्ती संग्रहाकडे पाठवावा व त्याचा जनुकसंच वाचून ठेवावा; गोव्यातील कार्यामुळे असा संग्रह सांभाळण्याचा अनुभव देशापाशी आहे. आणि पशुवैद्य, अन्ननिरीक्षक व डॉक्टर या तिघांच्या नोंदी एकमेकांसमोर ठेवाव्या. कारण मेंढी, कोबी व माणूस यांच्यातील साखळी तिघांपैकी कोणा एकास पूर्ण दिसत नाही.

या चार गोष्टी केल्यावर कदाचित असे आढळून येईल की, भारतात हा रोग खरोखरच फार थोडा आहे. तसे झाले तर ती आनंदाची वार्ता असेल, आणि ती समजुतीवर नव्हे तर मोजणीवर आधारलेली असल्यामुळे विश्वसनीय असेल. कदाचित उलटही दिसेल. मयूर विहारमधील एखादा वृद्ध, नागपुरातील कर्करोगाचा एखादा रुग्ण आणि कोल्हापूरची एखादी गर्भवती यांच्या आजारांत एकच जंतू होता, असे निष्पन्न होईल. त्यांतील प्रत्येकाचा आजार त्याच्या घरच्यांना एकाकी, अनाकलनीय आपत्ती वाटत असतो. त्या आपत्तींची बेरीज केली तरच तिसऱ्यानंतर चौथा रुग्ण होणार नाही याची तजवीज करता येते. आणि ती बेरीज करण्याची जबाबदारी एकट्या डॉक्टरची नव्हे, समाजाने उभ्या केलेल्या यंत्रणेची आहे.